आह्तीचं खातं

मंगळवारी रात्री, केमी बंदराच्या कचेरीत,
दोनशे चौदा संगणकांना मी एकेक करून विचारते:
तुझ्यात काय काय आहे, आणि कधीचं?

जे मी बसवलं ते शहाण्या मुलासारखं उत्तर देतं.
अडचण आहे ती लोकांनी स्वतः आणून ठेवलेल्यांची.
त्यांना माझी परवानगी लागत नाही.
पुढच्या दाराशी न येता
ज्याच्या त्याच्या फोल्डरात ती अंथरूण पसरतात
आणि तिथेच मुक्काम ठोकतात:
सिनिक्काचं विणकामाचे टाके मोजणारं काहीतरी,
हिशेबातल्या वाइनोचा कोडी सोडवायचा शब्दकोश,
आणि ब्राउझर, ब्राउझर,
एकाच यंत्रावर तीन माणसांचे तीन,
तिन्ही वेगवेगळ्या वयांचे.

मालक आत आला तरच ती ताजी होतात.
तेही त्याने "आत्ता" म्हटलं तर.
इथे कुणी "आत्ता" म्हणत नाही.
"नंतर" हे बटण कीबोर्डवर असतं
तर एव्हाना त्यावरचं अक्षर झिजून गेलं असतं.

नियंत्रण कक्षातलं चार नंबरचं यंत्र
दर आठवड्याला एक लाल ओळ पाठवायचं.
बर्फाच्या नकाशाचा प्रोग्रॅम. जुना. भोकं सात.
मालक: आह्ती कोर्टेनिएमी.
शेवटचा प्रवेश: गेल्या वर्षीचा एप्रिल.

आह्ती निवृत्त झाला. निरोपाला सॅल्मनचं सूप होतं.
तो आता आत येणार नाही,
म्हणून ते ताजं होणार नाही,
म्हणून ते लाल राहणार.
हिशेब इतका सरळ
की त्यात वाईट वाटायला जागाच नाही.
फेब्रुवारीत मी त्याचं खातं पुसलं.
अहवाल हिरवा झाला. घरी येऊन झोपले.

पहाटे चारला उर्पोचा फोन.
"नकाशा उघडत नाही."
कुणाचा?
"आमचा. सगळ्यांचा."

ज्या निळ्या चिन्हावर तीन पाळ्यांनी
नऊ हिवाळे बोट ठेवलं,
ते आह्तीच्या घरात उघडणारं दार होतं.
आपलं फोल्डर त्याने सगळ्यांना खुलं करून ठेवलं होतं,
कुणाला न सांगता,
पायपुसण्याखाली किल्ली ठेवावी तसं.
आणि मी घर पाडलं, पायपुसणं न उचलता.

उणे एकोणतीस. गाडीला ऊब देणारी वायर उपसली, निघाले.
बाहेर बर्फफोड्या जहाजाचे दिवे एका जागी थांबलेले,
कुठून फोडायचं ते कुणी सांगेपर्यंत.
नवी आवृत्ती रीतसर बसवली,
सगळ्यांसाठी, माझ्या यादीत, माझ्या नावावर.
सहाला नकाशा उघडला.
उर्पोने बराच वेळ बघितलं.
"वारा कुठे गेला?"

जुन्यात उजव्या कोपऱ्यात एक बाण असायचा.
नव्यात तो तीन पायऱ्या खाली आहे;
करणाऱ्यांना कोपरा मोकळा हवा होता.
पुढच्या अपडेटमध्ये येईल, मी म्हणाले.
खोटं बोलताना मी माणसाकडे नाही, स्क्रीनकडे बघते.
उर्पो काही बोलला नाही.
तसा तो एरवीही बोलत नाही.

गुरुवारी गेले तेव्हा
स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीवर,
पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा.
पेन्सिलीने: वायव्य, अकरा.
त्याखाली पुसट: उत्तर, नऊ.
हे कुणी बसवलं, मी विचारलं.
दोघं खिडकीबाहेर बघायला लागले.

माझ्या यादीत त्याची नोंद नाही.
त्याला कुठे भोक असेल तर मला सापडत नाही.
पाळी बदलली. हेल्वी आली, हातमोजे काढले,
धक्क्यावरच्या निशाणाकडे एकदा बघितलं,
आणि टेबलावर
खोडरबर शोधू लागली.